कागदावरचें आरमार

ज्या घरांत दहा-बारा मुलें एकत्र वाढतात, तेथें लांब सुटी लागली कीं वडील मंडळींपुढें एक प्रश्न उभा राहतो. पत्ते व कॅरम यांवर आठ दिवस निघतात. नवव्या दिवसापासून काय करावें? या प्रश्नास उत्तर म्हणून अशा एका खेळाची ओळख करून देण्याचें या खेपेस योजिलें आहे कीं, ज्यांत खेळण्यापेक्षां तयारींतच अधिक काळ व अधिक बुद्धि खर्च होते. हा खेळ म्हणजे छोट्या प्रतिकृति मांडून खेळावयाचें आरमारी युद्ध. आणि त्याची तयारी म्हणजे इतिहासांतील खऱ्या युद्धनौकांची माहिती जमवून तिचीं कोष्टकें करणें.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. नौकांच्या प्रतिकृति ठराविक प्रमाणांत केलेल्या असतात. एकास बाराशें किंवा एकास तीन हजार हीं प्रमाणें विशेष रूढ आहेत. दुसऱ्या प्रमाणानें १८६ मीटर लांबीचें जहाज अवघ्या सहा सेंटिमीटरांत बसतें. जमीन हाच समुद्र समजावयाचा. प्रत्येक पाळींत नौकेनें आपल्या वेगाच्या मानानें पुढें सरकावें; तोफ डागली तर अंतर, तोफेच्या नळीचा व्यास व समोरील चिलखताची जाडी पाहून नियमांप्रमाणें परिणाम ठरवावा. हें सारें बुद्धिबळासारखें वाटेल; परंतु एक मोठा भेद आहे. बुद्धिबळांत पांढरा उंट व काळा उंट यांचें सामर्थ्य एकच, आणि तें शास्त्रानें ठरवून दिलेलें. येथें प्रत्येक नौका हें निराळेंच मोहरें. तिची चाल कोणती व तिचा मारा किती, हें खेळणारानें इतिहासांतून शोधून काढावयाचें असतें. ज्याचें कोष्टक चुकलें, त्याचा सगळा खेळच खोटा ठरतो.

या विद्येचा एक आद्य पुरुष म्हणजे इंग्लंडांतील फ्रेड जेन. हा गृहस्थ १८६५ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मला. चित्रें काढणें व कादंबऱ्या लिहिणें हा त्याचा व्यवसाय; परंतु सगळें लक्ष युद्धनौकांकडे. १८९८ सालीं त्यानें जगांतील लढाऊ जहाजांचा एक कोश स्वतः काढलेल्या चित्रांसह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं आपल्या आरमारी खेळाचे नियमही छापले. जहाज दुरून कसें दिसतें, धुरांडीं किती, तोफा कोठें, चिलखत कोठें जाड व कोठें पातळ, ही माहिती खेळास हवी होती तशीच ती खऱ्या नाविक अधिकाऱ्यांसही हवी होती. १९१६ सालीं जेन निवर्तला. त्याचा कोश मात्र आरमारी जगांत प्रमाणग्रंथ म्हणून टिकला.

पुढें अमेरिकेंत फ्लेचर प्रॅट या लेखकानें न्यूयॉर्क येथें असाच खेळ बसविला. त्यानें प्रत्येक नौकेचें मूल्य एका सूत्रानें काढण्याची युक्ति योजिली. त्या सूत्रांत चिलखत, पाणतीर, वेग व टनभार यांचींही पदें आहेत; परंतु आरंभींचें पद मुख्य तोफांचें असून तें सोपें आहे: तोफेच्या व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले तोफांची संख्या. शाळेंतील मुलासही हा गुणाकार करतां येईल. तो करून पाहण्यास एक प्रत्यक्ष घडलेलें युद्ध घेऊं.

१९३९ सालच्या डिसेंबरच्या १३ तारखेस सकाळीं, दक्षिण अमेरिकेंतील ला प्लाता नदीच्या मुखाबाहेर, 'ग्राफ श्पे' ही जर्मन युद्धनौका आणि 'एक्सेटर', 'एजॅक्स' व 'अकिलीस' या तीन ब्रिटिश क्रूझर यांची गांठ पडली. 'ग्राफ श्पे'वर ११ इंची तोफा ६; 'एक्सेटर'वर ८ इंची ६; आणि उरलेल्या दोघींवर ६ इंची प्रत्येकीं ८. प्रॅटच्या पदानें 'ग्राफ श्पे'चे अंक ७२६ होतात. 'एक्सेटर'चे ३८४ आणि दुसऱ्या दोघींचे २८८ व २८८; मिळून ९६०. म्हणजे तिघी एकत्र राहिल्या तर वरचढ.

आतां हीच तुलना दुसऱ्या रीतीनें करूं. 'ग्राफ श्पे'चा एक गोळा सुमारें ६६० रत्तलांचा, 'एक्सेटर'चा २५६ रत्तलांचा व लहान दोघींचा ११२ रत्तलांचा. सगळ्या मुख्य तोफा एकदांच उडविल्या तर 'ग्राफ श्पे' ३,९६० रत्तल लोखंड फेंकणार, आणि तिघी मिळून १,५३६ व १,७९२ म्हणजे ३,३२८ रत्तल. या हिशेबानें 'ग्राफ श्पे' वरचढ! तोफा त्याच, जहाजें तींच, आंकडेही सगळे खरे. आणि निर्णय मात्र उलट. कोणती गोष्ट मोजावी हें ठरवितांनाच अर्धा निकाल लागून जातो, हा धडा मुलांस व्याख्यानानें शिकवितां येत नाहीं. तो असा हातानें गुणाकार करूनच कळतो.

हें झालें खऱ्या आंकड्यांविषयीं. पण प्रत्येक आंकडा खरा असतोच असें नाहीं. 'ग्राफ श्पे'चें वजन जगास १०,००० टन म्हणून सांगण्यांत आलें होतें, कारण पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीवर तेवढीच मर्यादा घातली होती. प्रत्यक्षांत तें १२,००० टनांहून अधिक होतें. जपाननें 'यामातो' या प्रचंड नौकेच्या तोफा ४६ सेंटिमीटरांच्या असून त्यांस कागदोपत्रीं ४० सेंटिमीटर असें नांव दिलें होतें. दुकानदारानें पोत्यावर लिहिलेलें वजन आणि घरच्या तराजूवर भरलेलें वजन यांतील भेद आमच्या गृहिणींस सांगावा लागत नाहीं. राष्ट्रांचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं वाणी वजन वाढवून सांगतो, आणि तहानें बांधलेलें राष्ट्र तें घटवून सांगतें.

कांहीं आंकडे लिहिले त्या दिवशीं खरे असतात, पण पुढें खरे राहत नाहींत. कोशांत 'ग्राफ श्पे'चा वेग २८ नॉट सांपडेल. परंतु ती २१ ऑगस्ट रोजीं स्वदेशाहून निघाली, तेव्हांपासून जवळजवळ चार महिने समुद्रावरच होती. तळास शेवाळ व शिंपले धरलेले आणि यंत्रें दुरुस्तीस आलेलीं. त्या सकाळीं तिला तेवढा वेग साधणें शक्य नव्हतें. उलट, जी गोष्ट कोशांत मुळींच नव्हती ती तिच्या माथ्यावर होती. अंतर मोजणाऱ्या रडारची चौकट तिच्यावर बसविलेली आहे, हें ब्रिटिशांस नीट कळलें तें ती बुडाल्यावर, तिच्या सांगाड्याची पाहणी केली तेव्हां.

आणि खोट्या माहितीचें मोल किती पडतें, तेंही याच युद्धांत दिसून येतें. 'ग्राफ श्पे'चा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ हा कुशल व दयाळु नाविक होता. त्यानें नऊ व्यापारी जहाजें बुडविलीं, पण त्यांवरील एकाही माणसाचा प्राण घेतला नाहीं. त्या सकाळीं क्षितिजावर डोलकाठ्या दिसल्या तेव्हां ही एक क्रूझर व दोन विनाशिका असाव्यात, असा त्याचा समज झाला आणि तो चाल करून गेला. त्या दोन विनाशिका नव्हत्या; 'एजॅक्स' व 'अकिलीस' होत्या. युद्धांत 'एक्सेटर'ची दुर्दशा होऊन तिला निघून जावें लागलें. परंतु 'ग्राफ श्पे'ही जखमी होऊन मोंतेव्हिदेओ बंदरांत शिरली. तेथें तिच्या कानीं येऊं लागलें कीं, बाहेर 'रिनाऊन' व 'आर्क रॉयल' ही मोठीं जहाजें येऊन ठेपलीं आहेत. वस्तुतः तीं पुष्कळ दूर होतीं. साहाय्यास आली होती ती एकटी 'कंबरलंड' क्रूझर. लांग्सडॉर्फनें १७ डिसेंबरला आपलें जहाज आपल्याच हातानें बुडविलें, आणि दोन-तीन दिवसांत ब्वेनोस आयरिस येथें स्वतःवर गोळी झाडून घेतली. पहिल्यानें त्यानें शत्रूस लहान लेखलें, मागाहून मोठें. आणि दोन्हीं वेळां निर्णय केला तो समोर नसलेल्या आरमाराविषयीं.

तर मग कोष्टक करावें कसें? याचें उत्तम उदाहरण आमच्या पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व १९६६ सालीं पुरी केली. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या पुढें ठेवून प्रत्येक श्लोकाचे पाठभेद खालीं नोंदवावे, सर्वांत विश्वसनीय पाठ वर घ्यावा, आणि जेथें संपादकाचीच पुरती खात्री नाहीं तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढावी, अशी त्यांची पद्धति. ही नागमोडी रेघ मला फार मोलाची वाटते. विद्वान् मनुष्य आपली शंका लपवीत नाहीं. ती वाचकांस दिसेल अशा ठिकाणीं छापतो.

युद्धनौकांच्या कोष्टकासही हीच रीत लागू करावी. प्रत्येक आंकड्यापुढें तीन खुणांपैकीं एक असावी: राष्ट्रानें जाहीर केलेला, प्रत्यक्ष मोजलेला, किंवा अनुमानानें काढलेला. अनुमानाच्या आंकड्याखालीं नागमोडी रेघ ओढावी. दोन ग्रंथांत दोन आंकडे सांपडले तर सरासरी काढूं नये. दोन पोथ्यांतील दोन पाठांची सरासरी निघत नाहीं, तशी ती येथेंही निघत नाहीं. दोन्ही आंकडे लिहून कोणता घेतला व कां घेतला, तें एका ओळींत नमूद करावें. कित्येकदां हे दोन आंकडे परस्परविरोधी नसतातच: एक रिकाम्या जहाजाचा व दुसरा तेल-दारूगोळ्यासह भरलेल्या जहाजाचा असतो, किंवा एक ब्रिटिश टनांत असतो व दुसरा मेट्रिक टनांत.

आतां एक आक्षेप. कित्येक वडील माणसें विचारतील कीं, जेथें माणसें मेलीं त्या प्रसंगाचा खेळ करणें शोभतें काय? आक्षेप हलका नाहीं. त्या एका सकाळच्या युद्धांत तिन्ही ब्रिटिश नौकांवरील ७२ व 'ग्राफ श्पे'वरील ३६ माणसें मृत्यु पावलीं. बेरीज १०८, म्हणजे जपमाळेच्या मण्यांइतकी. यावर माझें म्हणणें इतकेंच कीं, कोष्टकांत हाही रकाना ठेवावा. ज्या कोष्टकांत तोफा व टनभार आहेत पण माणसें नाहींत, तें कोष्टक अपुरें आहे. आणि ज्या मुलानें हा रकाना स्वतः भरला आहे, तें मूल युद्धाच्या गप्पा सैलपणें मारणार नाहीं, असा मला भरंवसा वाटतो.

ज्या घरांतील मुलांस हा उद्योग आरंभावयाचा असेल त्यांनीं 'अकिलीस'पासून आरंभ करावा, कारण ती एका अर्थीं आपल्या घरची आहे. १९४८ च्या जुलैंत ती हिंदी आरमारांत दाखल झाली व तिचें नांव 'दिल्ली' झालें. १९५६ सालीं निघालेल्या या युद्धाच्या चित्रपटांत तिनें 'अकिलीस'चेंच काम केलें. १९६१ च्या डिसेंबरांत गोवामुक्तीच्या मोहिमेंत ती दीवच्या किनाऱ्यावर होती. आणि १९७८ सालीं ती सेवेंतून निवृत्त झाली. तिच्या तोफा किती, असें मुलांस विचारावें. कोणी म्हणेल आठ, कोणी म्हणेल सहा, आणि दोघेही आपापला ग्रंथ पुढें करतील. दोघेही बरोबर आहेत. १९३९ सालीं तिच्यावर चार तोफबुरूज व आठ तोफा होत्या; १९४३ सालीं सुरू झालेल्या दुरुस्तींत मागील बाजूचा एक बुरूज काढून त्या जागीं विमानविरोधी तोफा बसविल्या, आणि सहा तोफांनिशीं ती आपल्याकडे आली. म्हणून कोरा कागद पुढें घेतल्यावर नौकेच्या नांवाखालीं पहिल्यानें तारीख घालावी, आणि मगच तोफा मोजावयास बसावें.