गेमिंग संगणक : आधी कागदावर, मग बाजारात

मुलगा पी.यू.सी. पार पाडून इंजिनीअरिंगला गेला की घरात हळूहळू एक विषय डोके वर काढतो. ‘कॉलेजसाठी’ कॉम्प्युटर हवा, असे तो आधी आईच्या कानावर घालतो. वडिलांनी खोलात जाऊन विचारले की कळते, चिरंजीवांना हवा आहे तो दुकानातला तयार संगणक नव्हे, तर एकेक भाग निवडून जुळवलेला, नवे गेम खेळता येतील असा! बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्र्यात कारखान्यात नोकरीला असलेल्या मराठी गृहस्थाच्या घरी असो की पुण्या-सोलापुरात, हा संवाद सारखाच. ‘बाबा, साठ हजारांत होईल.’ साठ हजार! कुणाचा तो वर्षाचा बोनस असतो, तर कुणाची मोडलेली मुदत ठेव. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला या विषयातले काही कळत नाही आणि ज्याला कळते त्याने अजून एक रुपयाही कमावलेला नसतो. खरी अडचण इथेच आहे.

मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसा बेंगळुरूकरांना एस. पी. रोड. के. आर. मार्केटजवळच्या या दाटीवाटीच्या रस्त्यावर संगणकाचा हरेक भाग मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्यापासून बोम्मसंद्र्याहून तिकडे जाणेही सोपे झाले आहे. सुमारे १९ किलोमीटरवरच्या आर. व्ही. रोड स्थानकात हिरव्या मार्गाची गाडी धरली की के. आर. मार्केट काही स्थानकांवर येते. पण दुकानात पाय ठेवताच पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ नुसता आकडा सांगून मोकळे झालात, की पुढची यादी दुकानात जो माल पडून आहे त्यावरून बनते. म्हणून यादी घरीच, कागदावर व्हायला हवी.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक मुले ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. खरे तर आधी ठरवावा तो मॉनिटर. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख होतात. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाला हे सारे ठिपके सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. पडदा मोठ्या ताकदीचा घेतला की कार्डही महागडे घ्यावे लागते, ते असे. मर्यादित बजेटमध्ये फुल एचडीच शहाणपणाचा.

दुसरा प्रश्न, खेळायचे काय? ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे गेम ग्राफिक्स कार्डाला फारसे जड जात नाहीत, त्यांचा भर प्रोसेसरवर असतो. ‘सायबरपंक २०७७’सारखे चित्रमय गेम मात्र कार्डाचा घाम काढतात. मुलाने आपल्या आवडीच्या चार-पाच गेमची नावे लिहून द्यावीत. निम्मे उत्तर त्यातच मिळते.

शंभर रुपयांची वाटणी

साठ हजारांतून मॉनिटरसाठी दहा हजार बाजूला काढले, तर उरलेल्या रकमेची वाटणी ढोबळमानाने अशी करता येते. दर शंभर रुपयांतले ३८ ग्राफिक्स कार्डावर, २८ प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून, २० रॅम आणि एसएसडीवर, ९ एसएमपीएसवर आणि ५ कॅबिनेटवर. सहा कोअरचा प्रोसेसर गेमसाठी पुरेसा होतो. सर्वांत महागडा प्रोसेसर घेऊन कार्ड साधे घेणे ही नेहमीची चूक. रॅम १६ जीबी असावी आणि ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि वेग वाढतो.

रॅमच्या बाबतीत मात्र गेल्या वर्षीची यादी यंदा वापरू नये. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड डेटा सेंटर्स उभी राहू लागली आणि कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला. घरगुती ग्राहकांना ‘क्रुशियल’ या नावाने रॅम विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर हा व्यवसायच सोडत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. खरेदीच्याच आठवड्यात तीन दुकानांतून लेखी भाव घ्यावेत. घरी जुन्या संगणकातल्या डीडीआर४ पट्ट्या चांगल्या असतील, तर त्या चालतील असा मदरबोर्ड निवडला की मोठी बचत होते. एएमडीचे जुने एएम४ बोर्ड डीडीआर४ घेतात. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बोर्डांना डीडीआर५च लागते. पुढे नवा प्रोसेसर बसवण्याची सोय मात्र त्यांत अधिक आहे.

स्वस्तात महाग पडणारा भाग

पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री लागते ती एसएमपीएसला, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला. तो गेममध्ये दिसत नाही, त्यामुळे मुलालाही त्याचे अगत्य नसते. काही कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकट येतो. वर ‘५०० वॉट’ छापलेले असते, पण सतत भार पडला की हा स्वस्त डबा दम टाकतो आणि जळताना कधी मदरबोर्ड, तर कधी महागडे कार्डही सोबत घेऊन जातो. मध्यम दर्जाच्या कार्डाला नामांकित कंपनीचा ५५० ते ६५० वॉटचा एसएमपीएस बहुधा पुरतो. त्यावरची ‘८० प्लस’ ही खूण वीज किती वाया जाते एवढेच सांगते. टिकाऊपणासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावे. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे ना, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

बचत करायचीच तर ती कॅबिनेटवर करावी. रंगीबेरंगी दिवे आणि काचेचा दरवाजा यांनी गेमचा वेग तसूभरही वाढत नाही. पुढे जाळी आणि हवा खेळती राहील एवढे पंखे असले की पुरे.

जुने घ्यावे काय?

जुना मॉनिटर, कॅबिनेट किंवा प्रोसेसर पारखून घ्यायला हरकत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र नवेच घ्यावेत. जुन्या ग्राफिक्स कार्डाबाबत जपून! सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी अशी कार्डे रात्रंदिवस राबवली जात. ती पद्धत बंद झाल्यावर यांतली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा जुना प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा आहे, याचीही खात्री करावी. इंटेलच्या बाबतीत तो किमान आठव्या पिढीचा लागतो.

दोन टप्प्यांत खरेदी

सगळे पैसे एकदम काढणे जड जात असेल, तर एक मध्यममार्ग आहे. ‘रायझन ५ ५६००जी’सारख्या काही प्रोसेसरांत ग्राफिक्सची सोय आतच असते. आज त्यावर अभ्यास, प्रोजेक्ट आणि हलके गेम चालवावेत. कार्ड वर्षभराने घ्यावे. त्यासाठी एसएमपीएस मात्र पहिल्याच दिवशी दमदार हवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ ‘आय५-१२४००एफ’, तर त्यात ही सोय नसते. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

खरेदी करताना ‘बिल नको, थोडे कमी करतो’ या मोहाला बळी पडू नये. १८ टक्के जीएसटी वाचल्याचा आनंद पहिल्याच बिघाडात संपतो. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि वॉरंटीसाठी सेवाकेंद्र कुठे आहे ते विचारावे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

राहता राहिला घरातला प्रश्न. मुलाने यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती का हवी, हे साध्या मराठीत एका ओळीत लिहावे आणि आई-वडिलांनी प्रत्येक ओळीवर ‘याहून स्वस्तात भागेल का?’ असे विचारावे. ज्या ओळीचे उत्तर मुलाला देता येत नाही, तिथे बहुधा जाहिरात बोलत असते. संगणक बैठकीच्या खोलीत ठेवायचा की नाही आणि परीक्षेच्या दिवसांत गेम किती वेळ, हेही त्याच बैठकीत ठरवावे. एकदा पैसे मोजून झाल्यावर घातलेल्या अटी कुणालाच रुचत नाहीत.