सामावून घेणं वेगळं, गिळणं वेगळं

सीमाबांधवांनो,

‘सत्तर वर्षं होत आली, आता ॲसिमिलेट व्हा की!’ हा सल्ला आपल्याला वरचेवर मिळतो. ऐकायला गोड. पण हा इंग्रजी शब्द एकाच वेळी किती कामं करतो, ते बघा.

जीवशास्त्रात त्याचा अर्थ सात्मीकरण. भाकरी खाल्ली, पचली, तिचं रक्तमांस झालं. खाणारा उरला, भाकरी संपली. भाषाशास्त्रात एक वर्ण शेजारच्याला आपल्यासारखा करून टाकतो. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं, मराठीत ‘सात’. ‘प’चा मागमूस नाही. मानसशास्त्रात पियाजेनं तोच शब्द घेतला: नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवणं. पण त्यानं जोडीला दुसरी क्रियाही सांगितली. नवं बसत नसेल, तर चौकट बदलायची. आपले सल्लागार नेमकं हेच गाळतात.

मराठीत असा घोळ नाही. मीठ विरघळतं, लोणचं मुरतं, घास गिळतात आणि माणसाला सामावून घेतात. सामावून घ्यायचं, तर आधी घरातल्यांनी सरकून जागा करायची असते.

आम्ही मिसळलो नाही, असं कोण म्हणतंय? मी घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड. तूप, अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द मराठीनं कन्नडकडूनच घेतले. त्यासाठी कुणावर सक्ती करावी लागली नाही. कन्नड भाषेशी आमचं भांडण नाहीच. मराठीत कागद मागितला की कपाळाला आठ्या घालणाऱ्या कारभाराशी आहे.

राज्यघटनेच्या २९व्या कलमात आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क आहे. १९५६ साली आपल्याला त्या राज्यात घातलं आणि त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-क कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. जिथं अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या, हेही ठरलेलं आहे. यात पचवण्याची भाषा कुठंय?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हा सल्ला दिला, तर एकच विचारा: ‘साहेब, आम्ही बदलायचं ते कळलं. तुम्ही किती सरकणार?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्याला सामावून घेणं म्हणू नका. ‘सप्त’मधला ‘प’ व्हायला आम्ही तयार नाही.