दहा लाख पौंडांचे विजेतेपद आणि पहिल्या फेरीचे गणित

लंडन येथील अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये 3 जानेवारी 2026 रोजी ल्यूक लिटलरने नेदरलँड्सच्या गियान व्हॅन वीनचा 7-1 असा धुव्वा उडवून व्यावसायिक डार्ट्सचे जागतिक अजिंक्यपद सलग दुसऱ्यांदा पटकावले. वयाची 19 वर्षेही पूर्ण न केलेल्या या इंग्लिश खेळाडूला दहा लाख पौंड, म्हणजे सुमारे 12 कोटी रुपये मिळाले. एकूण बक्षीसरक्कम 50 लाख पौंड होती. वर्षभरापूर्वी हेच आकडे अनुक्रमे पाच लाख आणि 25 लाख पौंड होते. एका वर्षात बक्षीस दुप्पट होण्याचे भाग्य फारच थोड्या खेळांच्या वाट्याला येते.

याच स्पर्धेत आणखी एक आकडा होता. स्पर्धेत 128 खेळाडू होते आणि त्यांपैकी 64 जण पहिल्याच सामन्यात गारद झाले. त्या प्रत्येकास 15 हजार पौंड मिळाले. या 64 जणांची एकत्रित कमाई भरते नऊ लाख 60 हजार पौंड. एकट्या विजेत्याच्या रकमेपेक्षा 40 हजारांनी कमी. विजेत्याने अधिक मिळवावे यात गैर काही नाही. परंतु डार्ट्समध्ये बक्षिसाच्या रकमेवरच क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर व्यावसायिक खेळाडूचे पोट अवलंबून असते. त्यामुळे हे आकडे नीट तपासून पाहणे आवश्यक ठरते.

बंडातून जन्मलेली स्पर्धा

आजच्या वैभवाचे मूळ एका फुटीत आहे. ब्रिटनमधील डार्ट्सचा कारभार 1973 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनकडे (बीडीओ) होता. या संघटनेची जागतिक स्पर्धा 1978 मध्ये सुरू झाली आणि दूरचित्रवाणीमुळे पबमधला हा खेळ घरोघरी पोहोचला. मात्र 1980 च्या दशकाच्या अखेरीस वाहिन्यांनी हात आखडता घेतला. बिअरचे पेले आणि सिगारेटचा धूर यांच्याशी जोडल्या गेलेल्या प्रतिमेमुळे प्रायोजकही दुरावले. प्रक्षेपण आटले आणि खेळावर गुजराण करणाऱ्यांचे उत्पन्नही आटले.

संघटना काही करीत नाही, ही भावना बळावत गेली आणि 1993 मध्ये 16 अव्वल खेळाडूंनी वेगळी चूल मांडली. त्यात फिल टेलर, एरिक ब्रिस्टो, जॉन लो यांच्यासारखे माजी विश्वविजेते होते. बंडखोरांवर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये तडजोड झाली. बंडखोरांची संघटना पुढे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन (पीडीसी) या नावाने ओळखली जाऊ लागली.

या गटाची पहिली जागतिक स्पर्धा 1994 मध्ये एसेक्समधील पर्फ्लीट येथील सर्कस टॅव्हर्नमध्ये झाली. एकूण बक्षीस 64 हजार पौंड होते आणि विजेत्या डेनिस प्रिस्टलीला 16 हजार पौंड मिळाले. पुढे टेलरने दोन्ही संघटनांची मिळून 16 जागतिक विजेतेपदे मिळविली. मुष्टियुद्ध आणि स्नूकर यांच्या आयोजनात मुरलेले बॅरी हर्न 2001 मध्ये संघटनेचे अध्यक्ष झाले. स्पर्धा अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये आली आणि विविध वेशभूषा करून येणाऱ्या प्रेक्षकांचा जल्लोष हा प्रक्षेपणाचाच एक भाग बनला. जुनी बीडीओ 2020 मध्ये दिवाळखोरीत निघाली.

लिटलर हा या परिवर्तनाचा सर्वांत मोठा लाभार्थी आणि त्याचबरोबर त्याचे इंजिनही. जानेवारी 2024 मध्ये, 16 व्या वर्षी, तो अंतिम फेरीत पोहोचला. ल्यूक हम्फ्रीजविरुद्धचा तो सामना ब्रिटनमध्ये 37 लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. पुढल्याच वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला 7-3 असे हरवून तो सर्वांत तरुण विश्वविजेता ठरला. वाढलेल्या बक्षिसाच्या मागे हा प्रेक्षकवर्ग उभा आहे.

रकमेवर ठरणारी क्रमवारी

डार्ट्सची मुख्य जागतिक क्रमवारी गुणांवर ठरत नाही. मागील दोन वर्षांत क्रमवारीच्या स्पर्धांतून मिळविलेल्या बक्षीसरकमेची बेरीज म्हणजेच खेळाडूचे स्थान. ही पद्धत समजण्यास सोपी आहे, पारदर्शकही आहे. अडचण आहे ती एकाच स्पर्धेला आलेल्या अवाढव्य वजनाची. वर्ल्ड मॅचप्ले ही प्रतिष्ठेच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा मानली जाते. 2025 मध्ये तिच्या विजेत्याला दोन लाख पौंड मिळाले. म्हणजे जागतिक विजेतेपद क्रमवारीत अशा पाच विजयांच्या बरोबरीचे झाले.

खालच्या स्तरावर हा विरोधाभास अधिक ठळक दिसतो. वर्षभर चालणाऱ्या प्लेअर्स चॅम्पियनशिप मालिकेत एका दिवसात सात सामने जिंकणाऱ्या खेळाडूला 2025 मध्ये 15 हजार पौंड मिळत होते. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिलाच सामना हरणाऱ्यालाही तितकेच मिळाले. तेथे एक सामना जिंकला की हा आकडा 25 हजारांवर आणि दोन जिंकले की 35 हजारांवर जातो. प्रेक्षकांविना बंदिस्त सभागृहात वर्षभर दाखविलेले सातत्य आणि डिसेंबरमधील एक चांगली संध्याकाळ यांचे मोल असे एका तागडीत तोलले जाते.

त्यातच ही स्पर्धा हंगामाच्या अखेरीस येते. पीडीसीच्या दौऱ्यावर खेळण्याचा परवाना, ज्याला 'टूर कार्ड' म्हणतात, 128 जणांकडे असतो. जागतिक स्पर्धा आटोपल्यानंतर क्रमवारीतील पहिल्या 64 जणांचे परवाने कायम राहतात. मुदत संपलेल्या इतरांना जानेवारीतील 'क्यू-स्कूल' या पात्रता स्पर्धेत पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. परवाना गेला की दौऱ्यावरचे हक्काचे स्थान जाते आणि अनेकांना पुन्हा नोकरीचा विचार करावा लागतो. पहिल्या फेरीचा सामना पाच सेटचा, म्हणजे तीन सेट आधी जिंकणाऱ्याचा असतो. त्यातील प्रत्येक लेग 501 वरून शून्यावर आणताना अखेरचा बाण 'डबल'च्या कड्यातच बसावा लागतो. ते कडे जेमतेम आठ मिलिमीटर रुंद असते आणि खेळाडू फळ्यापासून 2.37 मीटरवर उभा असतो. क्रमवारीत साठाव्या-सत्तराव्या स्थानी असलेल्या खेळाडूचे पुढील वर्ष या आठ मिलिमीटरवर ठरू शकते.

दुसरी बाजू

संघटनेची बाजूही लंगडी नाही. विजेत्याचा वाटा वाढलेला नाही. 1994 मध्ये तो एकूण रकमेच्या 25 टक्के होता, 2025 मध्ये 20 टक्के आणि 2026 मध्येही 20 टक्केच. पहिल्या फेरीतील पराभूताची रक्कमही साडेसात हजारांवरून 15 हजार, म्हणजे दुपटीनेच वाढली. स्पर्धकांची संख्या 96 वरून 128 झाली आणि त्यांतील 48 जागा जगभरातील पात्रता स्पर्धांतून आलेल्यांसाठी होत्या. अशा विस्तारामुळेच नव्या देशांना दार उघडे होते. याच स्पर्धेत नितीन कुमारने नेदरलँड्सच्या रिचर्ड वीन्स्ट्राला नमविले. जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याआधी डिसेंबर 2019 मध्ये फॅलन शेरॉकने याच व्यासपीठावर पुरुष प्रतिस्पर्ध्यांना हरवून महिलांसाठी अशीच वाट मोकळी केली होती.

तेव्हा प्रश्न रकमेच्या वाटपाचा कमी आणि ती रक्कम क्रमवारीत जशीच्या तशी उतरविण्याचा अधिक आहे. टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये बक्षीस वेगळे आणि गुण वेगळे. तेथे एखाद्या प्रायोजकाने थैली सैल सोडली, तरी क्रमवारीचा तोल ढळत नाही. स्नूकरने मात्र डार्ट्सप्रमाणेच पैशाचा मार्ग पत्करला आहे. डार्ट्सला टेनिसचे अनुकरण करण्याचीही गरज नाही. जागतिक स्पर्धेची संपूर्ण रक्कम खेळाडूच्या हाती द्यावी, क्रमवारीसाठी मात्र तिचा ठरावीक हिस्साच धरावा, एवढी दुरुस्तीही पुरेशी ठरेल.

आयोजकांना असा बदल घाईने करावासा वाटणार नाही, हे उघड आहे. 'एका सामन्यावर सारे काही पणाला' हे वाक्य तिकिटे खपविते आणि वाहिन्यांना आवडते. परंतु 1993 मध्ये 16 खेळाडू बाहेर पडले, ते चरितार्थाची शाश्वती उरली नव्हती म्हणून. आज शिखरावरील खेळाडूंना ती भरघोस मिळाली आहे. शिखराखालच्या शंभर जणांना ती वर्षभराच्या खेळातून मिळते की डिसेंबरच्या एका रात्रीतून, याचे उत्तर बंडातून जन्मलेल्या या संघटनेलाच द्यावे लागेल.