भोक दिसलं म्हणजे उशीर झाला



परवा चवळीच्या डब्यात भुंगेरे निघाले. सवयीने चवळी कडक उन्हात पसरली. भुंगेरे उडून गेले, मला हायसं वाटलं. पण दाण्यातल्या अळ्यांचं काय?

या भुंगेऱ्याची मादी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं अंडं चिकटवते. अळी दाण्याच्या आत वाढते, भोक पडतं ते भुंगेरा बाहेर येताना. तांदळातला सोंडा वेगळा. तो दाणा पोखरून आतच अंडं घालतो. आपण मात्र सगळ्यांना ‘किडे’ म्हणून मोकळ्या होतो.

म्हणजे उन्हात आतले जीव होरपळलेच ना?

माझ्या मते जयणा उन्हापासून नाही, खरेदीपासून सुरू होते. दाण्यांवर ठिपके नाहीत ना, ते पाहून घ्या. अख्खं कडधान्य वर्षाचं भरू नका. महिन्यापुरतंच आणा, जुना माल आधी संपवा. कॉमर्सला हेच तर शिकले होते!