बहिणीला द्या, पण आमच्याच ताटातले का?

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले. म्हणे, ते अनुसूचित जातींच्या बहिणींनाच मिळणार! मग इतर बहिणींचा हप्ता सर्वसाधारण तिजोरीतून आणि आमच्या बहिणींचा मात्र आमच्याच मुलांच्या शिष्यवृत्ती-वसतिगृहांच्या वाट्यातून, असे का?

पंधराशे रुपयांना आमचा विरोध नाही. पण हा निधी खैरात नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. त्यांचा तो हक्काचा वाटा आहे. आंध्र प्रदेशाने अशा निधीसाठी २०१३ सालीच कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारे आमचे विधिमंडळ तो कधी करणार?

राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आमदारांनो, तोंड उघडा! निधी वळवण्यास बंदी घालणारा कायदा झालाच पाहिजे.

जय भीम!