पगारपत्रकातला हृदयविकार

पश्चिम रेल्वेच्या मुंबईतील कचेरीत मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या पाच वर्षांत देशभरच्या साडेअकरा लाख रेल्वे नोकरांपैकी हृदयविकाराने कोण, कोठे आणि कोणत्या वयात दगावले याचा तपशील दफ्तरांतून काढून १९६७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा असे आढळले की पंजाबकडील नोकर आठ ते एकोणीस पट अधिक स्निग्धांश, आणि तोही मुख्यत्वे दूधतुपातून, सेवन करीत असता हा विकार मात्र दक्षिणेत सातपट होता. तुपाचे कैवारी हा आकडा अद्याप मिरवतात. परंतु मृत्यूच्या दाखल्यावरील निदान लिहिणाऱ्याच्या वकुबाइतकेच खरे असते, आणि दोन प्रांतांत तुपाखेरीजही शेकडो भेद असतात. तेव्हा तूप निर्दोष सुटले असे मानणे उतावळेपणाचे होईल. मल्होत्रांचे खरे श्रेय, माझ्या मते, त्यांनी कारकुनी नोंदींना वैद्यकशास्त्राचे साधन केले, यात आहे.

नोंदींना असे साधन करण्याची ही रीत खानदेशास विशेष लागू पडते. त्याच रेल्वेच्या सुरत-जळगाव मार्गावरील अमळनेरास १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. आणि अशा हायड्रोजनने घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवून चांगले घटवितो हे सिद्ध होऊन त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा येण्यास २०२२ साल उजाडले. शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगल्याखेरीज पाहुणचार झालासे न मानणाऱ्या (मीही त्यातलाच) या मुलखात डॉक्टर ‘तेल कमी करा’ म्हणतात, रोगी मान डोलावतो, आणि रक्ततपासणीचा कागद औषधांच्या पिशवीत घडी होऊन पडतो.

तो कागद दफ्तरी रुजू झाला पाहिजे. भुसावळचे रेल्वे नोकर, धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतील पोलीस आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांच्या रक्तातील मेदाची नोंद नेमणुकीच्या वेळी व पुढे ठरावीक मुदतीने, त्यांच्या संमतीने, घेऊन ती जतन करण्याचे काम तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवावे; आणि आनुवंशिकतेने ठरणाऱ्या लायपोप्रोटीन-ए या घटकाची तपासणी आयुष्यात एकदा तरी व्हावी, ही भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली केलेली शिफारस या नोंदीत समाविष्ट करावी. खर्चाची सबब पुढे येईलच. पण ऐन चाळिशीत दगावलेल्या शिपायाच्या कुटुंबास निवृत्तिवेतन देणाऱ्या सरकारला ती शोभणारी नाही.