पाच लाखांचे कार्ड आहे, पण महिन्याच्या गोळ्यांचे काय?

आपल्या वस्तीत कुणी आजारी पडले की पहिला प्रश्न आजाराचा नसतो, पैशांचा असतो. मग दागिने गहाण पडतात, व्याजाने पैसे काढले जातात, मुलीचे कॉलेज थांबते. मदतीचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

सरकार म्हणते, आता काळजी नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या महिन्याच्या गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरांची फी घरावरच पडते. गरीब घर कर्जात बुडते ते एका ऑपरेशनमुळेच असे नाही, वर्षानुवर्षांच्या गोळ्यांमुळेही बुडते.

केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ मध्ये एकूण आरोग्यखर्चातील ६२.६ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली, तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही आपणच देतो. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ, असे २०१७ च्या आरोग्य धोरणात म्हटले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. विम्याचे कार्ड देऊन ते कर्तव्य संपत नाही.

दुसरा मार्ग आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल १९४४ मध्ये आला आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ईएसआयमध्ये दवाखाना, औषधे, आजारपणातील भत्ता, बाळंतपण हे सारे येते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. पण पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजारांवरच अडकली आहे. कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकांपैकी अनेकांची तर नोंदणीच होत नाही.

म्हणून तरुणांनी आपापल्या वस्तीत तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. कंत्राटी कामगारांचा ईएसआय क्रमांक आणि भरणा तपासा. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हे प्रत्येक घराला सांगा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात औषधे नसतील तर लेखी तक्रार करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. तिथे बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडत असेल, तर तो मोफतपणा कागदावरचाच.

वर्गणी काढून आपण एका रुग्णाला वाचवू शकतो. ती माणुसकी सुटू नये. पण प्रत्येक वेळी वर्गणीच काढावी लागत असेल, तर हक्क मागायलाही एकत्र यावेच लागेल.